तेरा मार्चची कुमारिका

मिरज
२ सप्टेंबर २०२५

श्री. उदय इंगवले यांस नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तारा लोंढे. इथल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते, मे महिन्यात निवृत्त झाले. वळिवड्याच्या पोलिश कॅम्पमध्ये युद्धाच्या काळात राहिलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे आपली मुलगी अक्षदा हिने लिहिलेलं वाचलं. पणजीचं नाव झोफिया कोवालिक, रशियातून इराणमार्गे कोल्हापुरात आली, कॅम्पला दूध घालणाऱ्या इंगवल्यांशी लग्न करून इथेच राहिली, तिचे पोलंडमधले नातेवाईक कुणाला माहीत आहेत का, असं तिने विचारलंय.

माझ्या आजीचं नाव बार्बरा कोवालिक. तोच कॅम्प. तिने मिरजेच्या एका कंपाउंडरशी लग्न केलं. माझे आजोबा ख्रिस्ती. आजी म्हणायची, "कोल्हापुरात माझी थोरली बहीण आहे, पण तिच्या घरी आपण जायचं नाही." का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायची गरज पडली नाही.

आपली आजी आणि माझी आजी बहिणी असाव्यात असं मला वाटतं. आपल्याला काही माहिती आहे का? ईमेलने पाठवत असले तरी हे पत्र आहे, मेसेज नाही. उत्तर द्यायचं तर सवडीने बसून द्या. अंगठ्याचं चित्र पाठवू नका.

तारा लोंढे


रिग्गई, कुवेत
९ सप्टेंबर

ताराताई,

ताईच म्हणतो. निवृत्त झालात म्हणजे माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठ्याच असणार. तुमचं पत्र बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. दर्शना इथं सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, सांगलीची. ती म्हणाली, "बघा, बाई मास्तरीण आहे. शुद्धलेखन तपासून पाठवा." तेव्हा चुका तिच्या नावावर घाला.

आजीला बहीण होती हे मी ऐकलेलं आहे, पण कसं, तर भिंतीपलीकडून. थोरली माणसं बोलायची आणि मी आत गेलो की थांबायची. एकदा चुलत आजी म्हणाली होती, "तिची ती मिशनकडची." बास, एवढंच. लेथवर काम करणाऱ्याचा कान तिखट असतो. बेअरिंग जायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ज्याला ऐकू येत नाही त्याची बोटं जातात. मी हे तीन शब्द ऐकले तेव्हा आठ वर्षांचा होतो, अजून कानात आहेत.

माझं सांगायचं तर, उद्यमनगरात लेथवर शिकलो, त्र्याण्णव साली इथं आलो. लढाईनं मोडलेलं सगळं दुरुस्त करायचं होतं, मला कामाला तोटा नव्हता. आता अम्गऱ्यात स्वतःचं वर्कशॉप आहे. अम्गरा म्हणजे भंगाराचे डोंगर आणि त्यांच्या मधल्या बोळात आमच्यासारखे लोक.

पोलंडच्या दप्तरात चौकशी करून झाली. आजीची जन्मतारीख १५ मे दिली. त्यांचं उत्तर आलं, या तारखेची कुणी झोफिया कोवालिक नाही. आता तारखेबद्दल आमच्या घरात दुमत नाही. दर १५ मेला आजी नवं लुगडं नेसायची आणि आजोबा पेढे आणायचे. मग चुकतंय कुठं? दिवाळीला कोल्हापूरला येतोय. मिरजेला येऊन जाईन, तेव्हा बसून बोलू.

उदय


मिरज
२१ सप्टेंबर

प्रिय उदय,

तुमची तारीख बरोबर आहे. ती जन्मतारीख नाही, एवढंच.

तुमचं पत्र वाचताना मी १५ मेपाशी थांबले. आमच्याकडे बार्बराआजीचा दिवस ४ डिसेंबर. त्या दिवशी केक असायचा, पण तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्म ऑगस्टमधला. लहानपणी मी विचारलं तर म्हणाली, "जन्मायला काय, मांजरंही जन्मतात." पोलिश लोकांत वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. ज्या संताचं नाव मुलीला ठेवलं त्याचा सण हा तिचा दिवस. ४ डिसेंबर संत बार्बराचा. १५ मे झोफियाचा. तुमच्या घरात पेढे वाटले जायचे ते संतिणीच्या सणाचे, आणि सगळे इंगवले ते वाढदिवसाचे म्हणून खायचे.

मी तारीख न देता नुसती नावं देऊन विचारलं. आज उत्तर आलं. झोफिया, बार्बरा आणि धाकटी क्रिस्तिना. आई इराणात वारली, बाप आधीच. तिघी वळिवड्यात आल्या तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती. कॅम्प मोडायला लागला तेव्हा अनाथ मुलांना परत पाठवलं, त्यात ती गेली. सात वर्षांची.

उदय, ती जिवंत आहे. पंच्याऐंशी वर्षांची. व्रोत्सवाफ नावाच्या शहरात राहते. तोमेक नावाचा नातू सांभाळतो. मी त्याला लिहिलं आहे.

तारा

ता. क. कोवालिक म्हणजे लोहाराचं पोर. तुम्ही लेथवर गेलात ते उगीच नाही.


रिग्गई
२५ सप्टेंबर

ताराताई,

"जिवंत आहे" हे वाचून मी वर्कशॉपमध्ये एवढ्या मोठ्यानं "ए!" म्हणालो की वेल्डिंग करणाऱ्या पोरानं टॉर्च बंद केला. त्याला वाटलं, आग लागली.

दर्शना म्हणते, "म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंनी आयुष्यभर सगळ्यांना बनवलं." मी म्हटलं, बनवलं नाही, तिला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात आजीला कुणी काही विचारायचंच नाही. दिसायला गोरी, बोलायला मोडकी, कामाला वाघीण. लग्नात नाव बदलून सुमन ठेवलं आणि तिथंच फाइल बंद.

आता क्रिस्तिनाआजीचं काय उत्तर येतंय ते लगेच कळवा. मी इथं रोज मेल उघडून बघतो.

उदय


मिरज
२७ ऑक्टोबर

प्रिय उदय,

दिवाळी झाली. तुम्ही आला नाहीत, आणि येत नसल्याचंही कळवलं नाहीत. मी दोन दिवस फराळ झाकून ठेवला होता. ख्रिस्ती असले तरी चकली मला येते.

क्रिस्तिनाआजीचं उत्तर आलं आहे. तोमेकने तिचं बोलणं इंग्रजीत उतरवून पाठवलं. मी जसंच्या तसं सांगते.

"मला बहिणी होत्या. दोघींनी नवरे केले आणि मला गाडीत बसवून दिलं. मागून पत्रं येतील म्हणाल्या. दोन आली, मग नाही. आमच्याकडे तेव्हा परदेशातली पत्रं पोचत नसत हे मला नंतर कळलं, पण नंतर कळलेल्याचा मुलाला उपयोग नसतो. तुम्हा लोकांशी माझं भांडण नाही. एक विचारते, झोफियाने कधी माझं नाव घेतलं का? खोटं सांगायचं असेल तर लिहू नका."

बार्बराआजीने घेतलं नव्हतं. मी तेच लिहिलं. ती आमच्याकडे फक्त थोरलीबद्दल बोलायची, धाकटीबद्दल एक अक्षर नाही. झोफियाने घेतलं का, ते सांगू शकेल असे तुम्ही एकटेच उरला आहात. तुमच्या घरातली तेव्हाची बाकीची माणसं गेली ना? नीट आठवा.

तारा


रिग्गई
३१ ऑक्टोबर

ताराताई,

दिवाळीबद्दल माफ करा. मोठी ऑर्डर अंगावर पडली, निघणं झालं नाही.

नाव घेतलं का? नाही घेतलं. चार दिवस डोकं धरून बसलो. आजी बोलायची कमी, आणि मी तिच्या पायात पायात असायचो, घेतलं असतं तर ऐकलं असतं.

पण काल दर्शना चपात्या लाटत होती आणि मी उगीच म्हटलं, "आजी उकडून करंज्या करायची." ती म्हणाली, "करंजी कोण उकडतं?" तेच तर! गल्लीतल्या बायका हसायच्या. कणकेची पारी, आत बटाटा आणि चक्का, आणि तळायचं सोडून उकळत्या पाण्यात टाकायची. वर्षातून एकदाच. मार्चात. शाळेच्या परीक्षा तोंडावर असायच्या म्हणून पक्कं आठवतंय, तेरा तारीख.

त्या दिवशी आजी गल्लीतल्या एखाद्या लहान मुलीला बोलावून आणायची. पाटावर बसवायची, तिचे केस विंचरून वेण्या घालायची, नव्या रिबिनी बांधायची, आणि पहिलं ताट तिला वाढायची. आम्ही पोरं नंतर. गल्ली म्हणायची, इंगवल्यांची गोरी सून कुमारिका जेवू घालते, आपल्या पोरींपेक्षा देवाधर्माची. चुलत आजीनं एकदा हटकलं होतं, "नवरात्र सोडून मार्चात कसली गं कुमारिका?" आजी म्हणाली, "आमच्याकडं असतंय."

आणि ताराताई, मुलगी कायम सहा-सात वर्षांची. एखादी मोठी झाली की पुढच्या वर्षी दुसरी. माझ्या बहिणीला एक वर्ष बसवलं आणि पुढच्या वर्षी नाही, तेव्हा ती रडली होती. आज विचारलं तर तिला फक्त ते रडणं आठवतं.

तुमच्या त्या संतांच्या पंचांगात तेरा मार्चला कुणाचं नाव आहे, एवढं बघून सांगा.

उदय


मिरज
१८ नोव्हेंबर

उदय,

क्रिस्तिना. तेरा मार्च क्रिस्तिनाचा.

मी पंचांग दोनदा तपासलं. मग तुमचं पत्र ओळीनओळ इंग्रजीत करून तोमेकला पाठवलं. कुमारिका म्हणजे काय हे समजावायला मला एक पान लागलं.

दहा दिवस काहीच आलं नाही. काल आलं. ती येतेय. जानेवारीत, तोमेकबरोबर, आठ दिवस. डॉक्टरने नको म्हटलं, तिने डॉक्टर बदलला. वळिवडं बघायचं आहे, झोफियाचं घर, बार्बराची कबर. आणि तोमेक लिहितो, "सगळ्यात आधी तिला त्या माणसासमोर बसायचं आहे ज्याने ते ताट पाहिलं. फोनवर तिला ऐकू येत नाही. तोंड बघून तिला बरंच कळतं. तिला त्याच्याकडे काही विचारायचं आहे, काय ते मलाही सांगत नाही."

तो माणूस तुम्ही. ९ तारखेपासून पुढे. तिकीट काढा.

तारा


रिग्गई
२७ नोव्हेंबर

ताराताई,

फार आनंद झाला. पण जानेवारीचं जरा अवघड दिसतंय. वर्षअखेरीची कामं, माणसं रजेवर. मी असं म्हणतो, तिच्या राहण्याजेवण्याचं, गाडीचं सगळं माझ्याकडे. माझा भाऊ आहे कोल्हापुरात, धाकटा, त्याला ते ताट आठवत नाही, पण तो सगळं बघेल. मी व्हिडिओवर येतो, हळू बोलतो. पुढच्या वेळी नक्की.

उदय


मिरज
२ डिसेंबर

श्री. इंगवले,

पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला "पुढच्या वेळी" म्हणायला धाडस लागतं.

मी मूर्ख नाही. सप्टेंबरात दिवाळी म्हणालात, दिवाळीत ऑर्डर, आता वर्षअखेर. क्रिस्तिनाआजी पोलंडमध्ये होती तोवर तुम्ही उत्साहात होतात. ती मिरजेच्या लोंढ्यांच्या घरी उतरणार, तुमच्या भाऊबंदांसमोर मी आणि तुम्ही एका पंगतीला बसणार, असं ठरल्याबरोबर तुमची माणसं रजेवर गेली. तुमच्या घरात "मिशनकडची" म्हणून आवाज खाली जायचा, हे तुम्हीच लिहिलंत. तो अजून वर आलेला नाही इतकंच. स्पष्ट लिहिलं असतंत तरी मला चाललं असतं, आम्हाला सवय आहे.

तिला मी सांगेन की तुम्ही कामात आहात.

तारा लोंढे


रिग्गई
४ डिसेंबर

ताराताई,

तुमचं हे पत्र दर्शनाला वाचून दाखवलं नाही. तिनंच माझ्या हातातून मोबाइल घेऊन ते वाचलं आणि म्हणाली, "आता तरी खरं लिहा. रोज ह्या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारताना बघायला मी आहे, त्या बाईनं काय पाप केलंय?"

तुम्ही म्हणता तसं काही नाही. देवाशपथ नाही. मला या देशातून बाहेर पडता येत नाही.

मी "स्वतःचं वर्कशॉप" लिहिलं. अम्गऱ्यात सगळे मला शेठ म्हणतात, आणि शेड, लेथ, गिऱ्हाईक, सगळं मी उभं केलेलं आहे. पण लायसन अबू फैसलच्या नावावर. इथल्याच माणसाच्या नावावर ठेवण्याचा रिवाज होता, आणि अबू फैसल सोन्यासारखा माणूस, तीस वर्षांत त्याच्याशी एकदा वाकडा शब्द नाही. तर कागदावर मी कोण? अबू फैसलच्या वर्कशॉपमधला कामगार. आम्ही दोघं यावर हसायचो. तो मला फोनवर विचारायचा, "शेठ, आज तुझ्या नोकरानं यायचं का?"

जुलैत इथं नियम आला. खासगी नोकरीतल्या परदेशी माणसानं देशाबाहेर जायचं तर आधी मालकाची परवानगी हवी. अर्ज मोबाइलवर करायचा, मालकानं मोबाइलवर हो म्हणायचं. दोन मिनिटांचं काम. आणि त्याच महिन्यात अबू फैसल झोपेत गेला. दोन घरांची मुलं आहेत, त्यांचा आपसात दावा चाललाय, आणि तो मिटेपर्यंत त्याच्या जागी सही कुणाची, ते ठरत नाही. दुसरीकडे नोकरी बदलायची तरी तीच सही. सगळं रद्द करून कायमचं जायचं तरी तीच सही. आमची सरकारी कागदपत्रं करणारा वाजिद आहे, रत्नागिरीकडचा, हवल्लीत राहतो. तो म्हणतो, "शेठ, बोट लावणारा कबरीत आणि मोबाइल कोर्टात. आता अर्ज काय कबरीत सवाल विचारणाऱ्या मुनकर-नकीर फरिश्त्यांना करू?" दर महिन्याला तारीख पडते. दर महिन्याला वाजिद दारातून आत यायच्या आधीच मला त्याच्या पावलांवरून कळतं.

यात कुणी वाईट नाही, हीच पंचाईत आहे. कुणी वाईट असता तर भांडलो असतो. भांडायला तोंडच नाही कुणाचं. मला कोंडलंय कुणी, तर एका मेलेल्या चांगल्या माणसाच्या सहीनं.

सांगितलं का नाही? लाज. तेविसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन आलेलो, कोल्हापुरात लोक पोरांना माझं उदाहरण देतात. भाऊसुद्धा समजतो, मला पैशापुढं वेळ नाही. पुतण्याचं लग्न मोबाइलवर बघितलं, आणि सगळ्यांना सांगितलं, ऑर्डर होती. आमच्या बिल्डिंगवरून विमानं जातात. पूर्वी नुसत्या आवाजावरून सांगायचो, हे मोठं, हे रिकामं. आता खिडकी लावून घेतो.

दर्शनाचा व्हिसा तिच्या हॉस्पिटलचा, ती जाऊ शकते. तिला म्हटलं, माझ्याऐवजी तू जा. म्हणाली, "मी ते ताट बघितलेलं नाही."

तुमच्या पंगतीला बसायला मी चालत आलो असतो. हे तिला सांगा किंवा सांगू नका, तुमच्यावर सोडतो.

उदय


मिरज
१९ डिसेंबर

उदय,

मी जे लिहिलं ते मागे घेते. घेता येत नाही, तरी घेते. यापुढे अरे-तुरे करणार आहे, थोरल्या बहिणीचा तेवढा हक्क.

तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मालक, परवानगी, मोबाइल हे तिला समजावायला पुन्हा एक पान लागेल. एक ओळही लागली नाही. तोमेक लिहितो, ऐकून ती हसली. म्हणाली, "सही करणारा नाही म्हणून माणूस अडकलाय? हे मला कशाला समजावता? रशियात आम्ही अख्खं गाव तसे अडकलो होतो." मग म्हणाली, "त्याला लाज वाटते? त्याला सांगा, दाराला कुलूप लावणाऱ्याला लाज वाटायची असते, आतल्याला नाही."

आणि मग तोमेकला म्हणाली, नकाशा आण. भूगोलाच्या बाबतीत माझ्यासारखीच दिसते. परतीचं विमान तसंही आखातातून जातं. तुझ्या गावात तीन दिवस थांबते आहे. त्यांना व्हिसा घरबसल्या मिळतो म्हणे. त्यांना आत यायला काही लागत नाही, तुला बाहेर यायला सगळं लागतं. असो. १८ जानेवारीला सकाळी पोचते.

दर्शनाला सांग, पाणी कोमट पिते, आणि गोडाला नाही म्हणत नाही.

तारा


रिग्गई
२१ जानेवारी २०२६

ताराताई,

पहाटे तिला सोडून आलो. आज काम लावलं नाही. हे लिहून मगच जेवणार आहे.

विमानतळावर तोमेक आधी दिसला, विजेच्या खांबासारखा. त्याच्या कोपराशी लोकरीची टोपी, आणि टोपीखाली काठी टेकत ती. मी पुढं होऊन पाया पडलो तर तिनं काठी तोमेककडं देऊन माझे दोन्ही कान धरले. खरंच धरले, आणि चेहरा इकडं तिकडं वळवून बघितला. आणि म्हणाली, "चल." मराठीत! तोमेक म्हणाला, कोल्हापुरापासून तिचे शब्द परत यायला लागलेत. चल, पाणी, गप, बास. दर्शनाला चारच शब्द पुरले. दोघी दिवसभर बोलत होत्या, कशात कोण जाणे. दर्शनानं तिचा बीपी बघितला, औषधांचा डबा लावून दिला, आणि तिनं दर्शनाला पोळी कशी पातळ लाटायची ते शिकवायचा प्रयत्न केला. "पंच्याऐंशीची बाई माझ्या पोळीला नावं ठेवते," दर्शना म्हणाली. खूश होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, समुद्र दाखवतो, टॉवर दाखवतो. तोमेकनं विचारलं, ती म्हणाली, "नको. तुला कुठं ठेवलंय ते दाखव."

मग अम्गऱ्याला नेलं. थंडी होती, वाऱ्यानं पत्रे वाजत होते. भंगाराच्या डोंगरांमधून गाडी चालली तसं तिनं काच खाली केली. मी म्हटलं, धूळ येईल. म्हणाली, येऊ दे. वर्कशॉपमध्ये पोरांनी खुर्चीवर टॉवेल घालून ठेवला होता. तिनं लेथवर हात ठेवला, चालू करून दाखवायला लावलं. तेवढ्यात वाजिद आला. तिनं तोमेकला विचारलं, "हा पहारेकरी का?" वाजिद म्हणाला, "नाय आजी, मी पन कैदीच, फक्त बाहेर फिरनारा." तोमेकनं सांगितल्यावर ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

मग म्हणाली, सांग.

मी सांगितलं. तुम्हाला लिहिलं होतं तसंच, पण समोर बसून, हळू, तोंड तिच्याकडं करून. मी हिंदीमिश्रित इंग्रजीत, तोमेक त्यांच्या भाषेत. ती एकेक विचारत होती. वेण्या एक का दोन? दोन. रिबीन कसली? तांबडी. मुलगी खाताना झोफिया काय करायची? म्हटलं, बसायची समोर, स्वतः खायची नाही. मुलीनं नको म्हटलं तर? अजून एक वाढायची.

आणि मग ती ज्यासाठी आली होती ते विचारलं. तोमेकलाही पहिल्यांदाच कळलं. म्हणाली, "ताट झाल्यावर? मुलगी घरी जायची तेव्हा झोफिया काय करायची?"

मला आठवायला लागलंच नाही. आजी तिला दारापर्यंत सोडायची आणि उंबऱ्यात उभी राहायची. पोरगी गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी उभी. आम्ही आतून ओरडायचो, आजी, भूक लागली. तरी नाही. मग कधीतरी आत यायची, आणि आम्हाला वाढायची.

तोमेकनं सांगितलं. लेथ अजून चालू होता, पोरानं जाऊन बंद केला. मग तिनं सांगितलं, तिला गाडीत बसवलं तेव्हा एका नर्सनं खिडकीतून आत ओढलं, पडेल म्हणून. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि तिला बाहेरचं काही दिसलं नाही. बहिणी गाडी जाईपर्यंत थांबल्या, की बसवून दिल्याबरोबर पाठ फिरवून गेल्या, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं नवरा केला, पोरं वाढवली, नोकरी केली, आणि दर वेळी कुणी स्टेशनवर सोडायला आलं की तिला तेच वाटायचं. म्हणाली, "नाव घेतलं का, हे मी उगीच विचारत होते. मला हे विचारायचं होतं."

मग मराठीत म्हणाली, "बास." आणि गाडीकडं निघाली.

काल वाजिदचा फोन आला. तारीख पडली, पुढं ढकलली. मी हूं म्हटलं. ती बघत होती. तोमेकनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कोर्टाला सुट्टी. तिनं माझ्या तोंडाकडं बघून मान हलवली, आणि माझ्या पानात अजून एक पोळी टाकली.

आज विमानतळावर सामान देऊन झालं. पुढं पासपोर्टची रांग, तिथून आत मला जाता येत नाही. मी आपला उभा, हात जोडून, आता ती आत जाईल आणि मी काचेतून टोपी दिसते तोवर बघत बसेन, या तयारीत. तिला घ्यायला आलो ते सोडलं तर गेल्या जुलैपासून मी या विमानतळाच्या वाटेनं गाडीसुद्धा घातली नव्हती. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे.

ती रांगेकडं गेलीच नाही. तोमेकला काहीतरी म्हणाली. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "आजी म्हणते, तू आधी जा."

मी म्हटलं, तसं कसं? पाहुण्याला सोडून आम्ही आधी जात नाही.

"ती म्हणते, एकदा मी गेले आणि झोफिया उभी राहिली. या वेळी तू जा. मी उभी राहते."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं दोन्ही हातांनी मला वळवलं, खांद्याला धरून, शाळेत पोराला वळवतात तसं, आणि पाठीवर थाप मारली. "चल."

मग मी निघालो, ताराताई. लोक सामान ढकलत समोरून येत होते, त्यांच्यातून वाट काढत, रडवेला, छप्पन वर्षांचा माणूस. सरकतं दार उघडलं, बाहेरची गार हवा अंगावर आली. मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दार मिटायच्या आत कान मागं लावलेच. एवढ्या गर्दीत, घोषणा चालू, चाकांचा खडखडाट, आणि त्यात तिची काठी कुठंही सरकल्याचा आवाज नाही.

मी पार्किंगपर्यंत गेलो, गाडी काढली, आणि दारात पहारा असलेल्या या देशात रिंग रोडवरून घरी आलो.

तुमचा,
उदय